भट्टीला वितळेल तोच स्फटिक: नागपुरातल्या एका मध्य-अवरक्त फायबर लेझरचं प्रकरण

नागपुरातल्या एका महाविद्यालयात तीन जणांनी मिळून ३ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चालणारा फायबर लेझर करायचं ठरवलं, आणि तोही काचेचा फायबर न घेता स्फटिकाचा. तिघांपैकी एक निवृत्तीला आलेले प्राध्यापक, त्यांना सगळे सर म्हणतात. दुसरी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. तिसरे वर्कशॉपमधून प्रयोगशाळेत आलेले तंत्रज्ञ, ज्यांना विभागप्रमुखांपासून शिपायापर्यंत सगळे भाऊ म्हणतात. मी शेजारच्या खोलीत फॉस्फरवर काम करतो. युरिया आणि नायट्रेट मिसळून ५०० अंशांच्या भट्टीत ढकलायचं, भडका उडाला की पावडर तयार, मग ती अतिनील दिव्याखाली कशी चमकते ते बघायचं. नागपूरच्या भौतिकशास्त्राचं हे जुनं घरचं काम. त्यामुळे या प्रकरणाकडे मी थोडा आतून, थोडा बाहेरून पाहत होतो. माणसांची आणि संस्थेची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

मागणी कुठून आली

सुरुवात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या तक्रारीपासून झाली. रामदासपेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात अर्बियम-यॅग लेझर आहे. यॅग म्हणजे यट्रियम-अ‍ॅल्युमिनियम गार्नेट हा स्फटिक, आणि प्रकाश देणारं अर्बियम हे त्यात मिसळलेलं दुर्मिळ मृदा मूलद्रव्य. चेहऱ्यावरचे व्रण अलगद खरवडायला हा लेझर वापरतात. दंतवैद्य तोच दात कोरायला वापरतात. तो २.९४ मायक्रॉनला चालतो आणि नेमकी हीच तरंगलांबी पाणी सगळ्यात जोरात शोषून घेतं. पाण्याने भरलेल्या पेशीत हा किरण जेमतेम १ मायक्रॉन शिरतो आणि तिथेच संपतो, म्हणून खालची कातडी भाजत नाही. डॉक्टरांची तक्रार किरणाबद्दल नव्हती. ती होती किरण रोग्यापर्यंत नेणाऱ्या जड, सांधेदार, आरशांच्या हाताबद्दल. नेहमीचा सिलिकाच्या काचेचा फायबर लावा की, असं त्यांचं म्हणणं. पण सिलिका साधारण २.३ मायक्रॉनच्या पुढे प्रकाश गिळायला लागते, २.९४ ला ती कामाचीच नाही.

सरांनी प्रश्न उलटा केला. प्रकाश बाहेर तयार करून फायबरमधून नेण्याऐवजी तो फायबरमध्येच तयार झाला तर?

यात नवीन काही नव्हतं, हे आधीच सांगायला हवं. फ्लोराइड काचेच्या फायबरमध्ये अर्बियम घालून २.८ मायक्रॉनचे लेझर कधीपासून चालतात. क्यूबेकमधल्या लावाल विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये अशाच फायबरमधून अखंड ४१.६ वॅट काढून दाखवले. ही काच, म्हणजे झिब्लान, झिर्कोनियम-बेरियम-लँथॅनम-अ‍ॅल्युमिनियम-सोडियमच्या फ्लोराइडांची. या काचेच्या घराण्याचा शोध १९७०च्या दशकाच्या मध्यावर फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात लागला. मग स्फटिक कशाला, हा प्रश्न विभागाच्या बैठकीत विचारला गेला आणि तो रास्तच होता.

उत्तर असं. झिब्लान साधारण २६० अंशांना मऊ पडते. तिची उष्णतावाहकता सिलिकाच्याही निम्मी. ती ठिसूळ आहे, आणि जास्त शक्तीला तिची उघडी टोकं हवेतली आर्द्रता ओढून घेतात. त्या पाण्याने २.८ मायक्रॉनचा प्रकाश शोषला की टोक तापतं, तापलं की आणखी पाणी घेतं, आणि शेवटी टोक जळतं. म्हणून तिला दुसऱ्या काचेच्या टोप्या लावाव्या लागतात. याउलट यॅग हा स्फटिक १९७० अंशांपर्यंत वितळत नाही, पाण्याला दाद देत नाही आणि उष्णता झिब्लानच्या दहापटीहून जास्त वेगाने वाहून नेतो. स्फटिकाचा फायबर ही कालची कल्पनाही नाही. १९७५ मध्ये बेल लॅब्जमध्ये बरस आणि स्टोन यांनी निओडिमियम-यॅगचा एकस्फटिकी फायबर ओढून त्याचा लेझर चालवला होता. १९८०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये फेजर आणि फायगेल्सन यांनी ही पद्धत नीट बसवली.

माझं मत मी तेव्हाही सांगितलं होतं: दवाखान्याचं नाव घेऊन हा प्रकल्प विकू नका. डॉक्टरांना हात हलका हवा आहे, तुम्हाला स्फटिक ओढायचा आहे. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण एक नाहीत. प्रस्तावात मात्र दवाखाना राहिला. निधी मागताना उपयोग लिहावा लागतो.

कागदावर यॅग शेवटी

पहिले काही आठवडे विद्यार्थिनीने पदार्थांची यादी केली. मध्य-अवरक्त लेझरसाठी पदार्थ निवडताना सगळे जण पहिल्यांदा एकच आकडा बघतात: फोनॉन ऊर्जा. पदार्थातले अणू जागच्या जागी थरथरत असतात आणि त्या थरथरीची ऊर्जा ठरावीक पायऱ्यांनीच कमी-जास्त होते. यातली सगळ्यात मोठी पायरी तरंगसंख्येत मोजली तर सिलिकात साधारण ११०० प्रति सेंटीमीटर, यॅगमध्ये ८५०, झिब्लानमध्ये ५८०, कॅल्शियम फ्लोराइडमध्ये ५००च्या आत आणि झिंक सेलेनाइडमध्ये २५०च्या आसपास.

२.९४ मायक्रॉनचा प्रकाश देण्यासाठी अर्बियमच्या आयनाला दोन पातळ्यांमधलं ३४०० प्रति सेंटीमीटरचं अंतर उतरावं लागतं. तो प्रकाश टाकून उतरू शकतो किंवा आजूबाजूच्या अणूंना थरथरवून. थरथरवायला सिलिकात ३ पायऱ्या पुरतात, यॅगमध्ये ४, झिब्लानमध्ये ६, कॅल्शियम फ्लोराइडमध्ये ७. पायऱ्या जितक्या कमी तितकी ऊर्जा उष्णतेत जायची शक्यता जास्त. यॅगमध्ये अर्बियमची वरची पातळी साधारण ०.१ मिलिसेकंदात रिकामी होते. झिब्लानमध्ये ती ७ मिलिसेकंदांच्या जवळपास टिकते. विद्यार्थिनीच्या तक्त्यात यॅग सगळ्यात खाली होता आणि तिने तो लाल शाईने खोडलाही होता.

वर दोन नावं होती. एक अर्बियम घातलेलं कॅल्शियम फ्लोराइड. दुसरं क्रोमियम घातलेलं झिंक सेलेनाइड, जे सरांच्या फार मनात होतं. १९९६ च्या सुमारास अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत या पदार्थाचे लेझर गुण पुढे आले. क्रोमियमचा पट्टा इतका रुंद की एकच लेझर २ पासून ३ मायक्रॉनच्या पुढेपर्यंत सुरात लावता येतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बॅडिंग यांच्या गटाने काचेच्या केशनलिकेत उच्च दाबाखाली वायूंपासून झिंक सेलेनाइड जमवून त्याचे फायबर केले, आणि पुढे त्यात क्रोमियम घालून लेझरही. सर ते शोधनिबंध छापून टेबलावर ठेवायचे, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केलेले.

पिवळं भिंग

फायबर ओढायची पद्धत मात्र गटाने आधीच ठरवली होती, कारण तिचं अर्धं सामान हाताशी होतं. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण स्फटिकाच्या बारीक कांडीच्या टोकावर चहूबाजूंनी पाडायचा. टोक वितळून थेंब होतो. वरून बीज-स्फटिक त्या थेंबात बुडवून हळूहळू वर ओढायचा, खालून कांडी त्याहून हळू वर सरकवत राहायची. थेंब दोघांच्या मधे पृष्ठताणाने लोंबतो. त्याला भांडं लागत नाही, म्हणून भांड्याची घाणही मिसळत नाही. लेझर म्हणून त्यांच्याकडे अ‍ॅक्रिलिक शीट कापायच्या मशीनमधली ८० वॅटची काचेची नळी होती. इतवारीतल्या एका नेमप्लेटवाल्याने मशीन मोडीत काढलं, भाऊंनी ते हातगाडीवरून आणलं आणि नळी नवी टाकली.

मशीनचं डोकं उघडताना भाऊंच्या हातात भिंग आलं. लिंबाच्या सालीसारखं पिवळं, रुपयाच्या नाण्याहून लहान. विद्यार्थिनीने विचारलं, हे कशाचं? सर म्हणाले, झिंक सेलेनाइडचं. या लेझरच्या मशीनमध्ये सगळीकडे हेच वापरतात.

भाऊ भिंग उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, यातून तर ८० वॅट दिवसभर आरपार जाऊन राहिले होते, अन् हे काही वितळून नाही राहिलं. मग याच लेझरनं तुम्ही हेच वितळवणार कसं?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, हे आपल्याला आधीच दिसायला हवं होतं," ते म्हणाले.

या प्रकरणातला निर्णायक क्षण मी हाच मानतो, आणि त्यात भाऊंच्या हजरजबाबीपणापेक्षा जास्त काही आहे. पदार्थ मध्य-अवरक्तात पारदर्शक का असतो? त्याची फोनॉन ऊर्जा कमी असते म्हणून. अणू मंद थरथरतात, त्यामुळे पदार्थ प्रकाश शोषायला सुरुवात करतो ती फार लांब तरंगलांबीला. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. झिंक सेलेनाइड तिथे स्वच्छ पारदर्शक. कॅल्शियम फ्लोराइड अर्धवट: मिलिमीटरभर जाडीच्या कांडीतून बराचसा किरण पलीकडे निघून जातो, उरलेला टोकावर न थांबता कांडीभर पसरून तापवतो. यॅग मात्र ५ मायक्रॉनच्या पुढेच काळोखा होत जातो, १०.६ मायक्रॉनचा किरण त्याच्या पृष्ठभागावरच थांबतो आणि टोक झटक्यात वितळतं. म्हणजे ज्या गुणासाठी तुम्हाला पदार्थ हवा, त्याच गुणामुळे तुमची भट्टी त्याला तापवू शकत नाही. तक्त्यात ‘लेझर म्हणून कसा’ हा रकाना आणि ‘ओढायला कसा’ हा रकाना एकाच आकड्याने भरतात, आणि दोन्हीकडे उलट क्रमाने.

दुसऱ्या पद्धती आहेत. कॅल्शियम फ्लोराइडसाठी तळाला भोक असलेली कार्बनची कुप्पी, त्यातून वितळलेला थेंब खाली ओढायचा. पण सगळं प्राणवायू आणि बाष्प वगळलेल्या बंद कक्षात, नाहीतर फ्लोराइडाचं ऑक्साइड होऊन स्फटिक दुधाळ पडतो. झिंक सेलेनाइडसाठी उच्च दाबाची नळी आणि जस्त-सेलेनियमची सेंद्रिय संयुगं, त्यातलं एक हवा लागताच पेट घेणारं आणि दुसरं विषारी. महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे खालच्या मजल्यावर बीएस्सीचे वर्ग भरतात, तिथे हे करायचं नाही एवढं शहाणपण सगळ्यांकडे होतं. लाल शाईने खोडलेला यॅग परत आला.

मला विचाराल तर हा निर्णय योग्यच होता. तो ज्या क्रमाने झाला तो क्रम बरोबर नव्हता. साधन आधी ठरलं असेल तर पदार्थांची यादी साधनापासून सुरू करायला हवी. आमच्याकडे बहुतेक प्रकल्पांत ती शोधनिबंधांपासून सुरू होते.

माझ्याकडून एक प्रस्ताव गेला होता तो इथेच सांगून टाकतो. कांडीसाठी विकत घेतलेला स्फटिक कशाला, आम्ही भडका पद्धतीने यॅगची पावडर करतो, ती दाबून भाजून देतो. सरांनी नम्रपणे नाही म्हटलं. भाजलेल्या कांडीत बारीक पोकळ्या राहतात. वितळताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने थेंबात येतो आणि फायबरमध्ये अडकतो. पावडरीला चमकलं की पुरतं. लेझरच्या फायबरमध्ये प्रकाशाला शेकडो वेळा ये-जा करायची असते, एक बुडबुडा पुरे. शेवटी ५० टक्के अर्बियम असलेल्या यॅग स्फटिकाच्या हिऱ्याच्या करवतीने कापलेल्या चौकोनी कांड्या मागवल्या.

हे ५० टक्के ऐकून आमच्या प्रयोगशाळेत हसू झालं होतं. फॉस्फरमध्ये आम्ही दुर्मिळ मृदा १-२ टक्के घालतो. त्याहून जास्त घातली की शेजारचे आयन एकमेकांची ऊर्जा पळवतात आणि चमक विझते. इथे तीच पळवापळवी औषध म्हणून घातली आहे. यॅगमध्ये अर्बियमची वरची पातळी ०.१ मिलिसेकंदात रिकामी होते, पण खालची पातळी ६-७ मिलिसेकंद भरलेली राहते. सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकात सरकत्या जिन्यावरून माणसं भराभर खाली उतरावीत आणि बाहेर पडायचं गेट एकच उघडं असावं, तशी गत. खाली गर्दी साचली की वरून उतरणं थांबतं आणि लेझर स्वतःच बंद पडतो. आयन दाटीने बसवले की खालच्या पातळीतले दोन शेजारी आपसात व्यवहार करतात: एक आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन थेट तळाला जातो, दुसरा वर चढतो आणि तिथून घसरत पुन्हा लेझरच्या वरच्या पातळीत येतो. गर्दी कमी होते आणि वर माणसं परतही मिळतात.

थेंब, कांडी आणि चिलर

फायबर ओढण्याचा हिशेब साधा आहे. जेवढं द्रव्य खालून आत येतं तेवढंच वरून बाहेर जातं. १ मिलिमीटरच्या कांडीतून त्याच्या एक तृतीयांश जाडीचा फायबर हवा तर ओढायचा वेग भरण्याच्या वेगाच्या ९ पट ठेवायचा. गटाने ओढायचा वेग मिनिटाला २ मिलिमीटर ठेवला. किरण चहूबाजूंनी पाडायला शंकूचा आरसा लागतो. भाऊंनी तो तांब्याचा, लेथवर काढला आणि हाताने घासून चकचकीत केला. १०.६ मायक्रॉनला हे खपतं, तरंगलांबी मोठी असल्याने पृष्ठभागाचे लाड कमी करावे लागतात. दृश्य प्रकाशाला असला आरसा कोणी हातात धरला नसता.

पहिला धड फायबर निघाला तेव्हा तो खिडकीजवळ धरून सगळ्यांनी पाहिला. अर्बियमची फिकट गुलाबी झाक, केसांपेक्षा जाड, वाकवला तर स्प्रिंगसारखा सरळ होणारा. मग विद्यार्थिनीने तो सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने सरकवत जाडी मोजली आणि आलेख काढला. जाडी एकसारखी नव्हती. ती लाटेसारखी वर-खाली होत होती, आणि लाट नियमित होती: दर ९ मिलिमीटरला एक फुगवटा.

नियमित दोष म्हणजे अर्धा सापडलेला दोष. ओढण्याच्या स्क्रूचा आटा वेडावाकडा असता तर लाट आट्याच्या अंतराएवढी, म्हणजे बारीक आली असती. मोटरचे धक्के त्याहून बारीक. ९ मिलिमीटर म्हणजे मिनिटाला २ च्या वेगाने साडेचार मिनिटं. साडेचार मिनिटांनी प्रयोगशाळेत काय होतं? सर आणि विद्यार्थिनी आलेखावर डोकं लावून बसले होते. भाऊ कोपऱ्यात मशीनचा आवाज ऐकत होते. त्यांनी मोबाइलवर वेळ लावली आणि म्हणाले, "हे चिलरचं काँप्रेसर आहे सर. टक वाजून राहिलं बघा."

ते खरं होतं. नळी थंड करायला लहानसा चिलर होता, त्यात १० लिटर पाणी. कार्बन डायऑक्साइडची नळी साधारण दहा टक्केच वीज प्रकाशात बदलते. उरलेले सहा-सातशे वॅट पाण्यात जातात आणि १० लिटर पाणी मिनिटाला जवळपास १ अंशाने तापतं. वरच्या मर्यादेला काँप्रेसर सुरू, खालच्या मर्यादेला बंद. नळीतला वायू तापला की लेझरची शक्ती घटते, थंड झाला की वाढते. कापायच्या मशीनला याने काही फरक पडत नाही, अ‍ॅक्रिलिक शीट कापली जाते. पण इथे शक्ती किंचित वाढली की वितळलेला भाग लांबतो, फायबर बारीक होतो. घटली की थेंब आखडतो, फायबर फुगतो. आणि हे सगळं मे महिन्यात, नागपुरात, जिथे चिलरच्या मागची हवाच ४५ अंशांची. चिलर धापा टाकत होता आणि त्याच्या धापा फायबरवर उमटत होत्या.

उपाय म्हणून अचूक तापमानाचा औद्योगिक चिलर घ्यायचा होता. कोटेशन पाहून सर गप्प बसले. भाऊंनी २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, त्याला थर्माकोल गुंडाळला आणि चिलर-नळीच्या मार्गात जोडला. आदल्या रात्री ड्रम थंड करून ठेवायचा आणि ओढायला सुरुवात करताना काँप्रेसर बंदच करायचा. २०० लिटर पाणी त्याच नळीने मिनिटाला ०.०५ अंश तापतं. ६० मिलिमीटरचा फायबर ओढायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात पाणी दीड अंशाने चढतं, तेही एका दिशेने, हळूहळू, आणि नळीचा प्रवाह किंचित वाढवत नेऊन ते हाताने सांभाळता येतं. काँप्रेसर बंद असल्याने टेबलाची थरथरही थांबली. ओढायची वेळ पहाटे पाचची ठरली. लाट गेली. पूर्ण सपाट नाही, पण आलेखातला तो नियमित फुगवटा परत दिसला नाही.

दुसरा नागपुरी शत्रू म्हणजे कूलर. मे-जूनमध्ये इथे कूलरशिवाय खोलीत बसणं शक्य नाही, आणि कूलर म्हणजे बाष्पाचा कारखाना. पाण्याच्या वाफेचे शोषणपट्टे २.६ ते २.९ मायक्रॉनच्या दरम्यान दाटीने आहेत. या भागात काम करणारा लेझर उघड्या हवेत ठेवला तर हवाच त्याचा तोटा होते. शिवाय कूलरच्या जाळीवर जमतो तो पांढरा क्षार वाळून हवेत उडतो आणि आरशांवर बसतो. लेझरची बाजू अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद करून आत कोरडा नायट्रोजन सोडला. कूलर शेजारच्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत, हलवला गेला. जुलैत उलट त्रास: पाऊस लागल्यावर दवबिंदू २४-२५ अंशांवर जातो, आणि पंपाचा डायोड, म्हणजे फायबरमधल्या अर्बियमला ऊर्जा पुरवणारा छोटा लेझर, २० अंशांवर थंड करायला गेलं की त्याच्या तांब्याच्या बैठकीवर घाम फुटतो. डायोडचं पाणी त्या दिवसांत २६ अंशांवरच ठेवलं.

टोकं घासण्याचं काम किचकट होतं, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. काचेच्या नळीत मेणाने फायबर बसवायचा आणि हिऱ्याच्या बारीक पट्टीवर तासन्‌तास घासायचा.

बारा हजार वाटा

फायबर सरळ झाला, तेव्हा खरी अडचण समोर आली. तिच्याबद्दल सुरुवातीला पुरेसं बोलणंच झालं नव्हतं: आवरण. काचेच्या फायबरला गाभा असतो आणि त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाची काच. ओढलेल्या यॅगच्या फायबरला आवरण म्हणजे फक्त हवा. ३ मायक्रॉनजवळ यॅगचा अपवर्तनांक १.७९, हवेचा १. फरक प्रचंड. १०० मायक्रॉन जाडीच्या अशा फायबरचा हिशेब केला तर प्रकाशाला त्यातून जायच्या वाटा बारा हजारांवर जातात. त्या सगळ्या वाटांनी येणारा किरण बाहेर पडल्यावर नीट एका ठिपक्यात आणता येत नाही, आणि बोट लागलं तिथे प्रकाश बाहेर गळतो. एकच वाट ठेवायची तर जाडी दीड मायक्रॉनच्या आसपास आणावी लागेल, जी हातात धरता येत नाही.

मग आवरण हवं. त्याच्या अटी वाचल्या तरी घाम फुटतो. अपवर्तनांक १.७९ च्या जरासा खाली. २.९४ मायक्रॉनला पारदर्शक, म्हणजे त्यात पाण्याचा अंश नको. तापल्यावर यॅगएवढंच फुगणारं. सिलिका यॅगच्या दहाव्या हिश्शाएवढीही फुगत नाही, ती लावली तर थंड होताना तडकेल. उत्तम उपाय म्हणजे शुद्ध यॅगचंच आवरण स्फटिकाच्या रूपात वर वाढवणं, आणि ते करणारे गट जगात आहेत, पण ते वेगळं शास्त्र आणि वेगळी भट्टी आहे.

सरांना आवरणाचा नाद लागला होता. विद्यार्थिनीने मात्र दुसरा मार्ग धरला, आणि माझ्या मते तिचंच खरं होतं. फ्रान्समधल्या गटांनी काही वर्षांपूर्वी दाखवलं होतं की स्फटिकाचा फायबर अर्धा ते एक मिलिमीटर जाड, काही सेंटीमीटर लांब ठेवला तर तो फायबर आणि कांडी यांच्या मधला प्राणी होतो. पंपाचा प्रकाश भिंतींवर आपटत आत अडकून राहतो, आणि लेझरचा किरण मात्र भिंतीला न शिवता मधून मोकळा जातो. आवरण लागतच नाही. बारीक फायबरचा एकाच वाटेने येणारा किरण हातचा जातो, पण आरसे नीट निवडले तर किरण तरीही चांगला मिळतो. दीड मिलिमीटरच्या कांडीतून अर्धा मिलिमीटर जाडीचा, ४० मिलिमीटर लांबीचा फायबर ओढायचा ठरला. ८० वॅटच्या नळीच्या कुवतीत एवढंच बसत होतं.

"मग याला फायबर लेझर म्हणायचं का?" विभागाच्या बैठकीत कोणीतरी विचारलं.

"प्रबंधाच्या शीर्षकात काय लिहायचं ते नंतर बघू," सर म्हणाले.

पेट्रोल पंपाची पावती

पंपासाठी ९७० नॅनोमीटरजवळचा डायोड वापरला. इथे एक सरळ तोटा मान्य करावाच लागतो: ९७० चा फोटॉन घेऊन २९४० चा द्यायचा, म्हणजे ऊर्जेतला साधारण तिसरा हिस्साच प्रकाशात येऊ शकतो, बाकी उष्णता. आयनांच्या त्या व्यवहारामुळे थोडं परत मिळतं, पण स्फटिक तापतोच. म्हणून आधी पंप अखंड न चालवता काही मिलिसेकंदांच्या झटक्यांत चालवला.

२.९४ मायक्रॉनचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि प्रयोगशाळेत नेहमी वापरतात ती अवरक्त कार्डंही त्याला दाद देत नाहीत. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे उष्णतेने काळी पडणारी पावती. कागदातल्या सेल्युलोजलाही ३ मायक्रॉनजवळचा प्रकाश चांगला शोषता येतो, त्यामुळे अगदी थोड्या शक्तीलाही ठिपका उमटतो. भाऊंच्या खिशात वर्धा रोडवरच्या पेट्रोल पंपाची पावती होती. आरसे जुळवताना ती किरणाच्या वाटेत धरून ठेवली. बराच वेळ काही नाही. मग मागचा आरसा अगदी थोडा फिरवल्यावर रकमेच्या आकड्याशेजारी एक काळा ठिपका आला, मोहरीएवढा. पावती सरकवली, दुसरा ठिपका. पंपाचा प्रवाह हळूहळू खाली आणला तेव्हा एका ठिकाणी ठिपके एकदम बंद झाले. चमक अशी एकदम बंद होत नाही, ती मंदावत जाते. उंबरठा होता, म्हणजे लेझर होता.

अखंड पंपावर मात्र तो अजून चाललेला नाही. स्फटिक तापून स्वतःच भिंगासारखा वागायला लागतो आणि आरशांचं जुळणं बिघडतं, हा सरांचा अंदाज. विद्यार्थिनीचा अंदाज वेगळा: फायबरच्या बाजूच्या पृष्ठभागावर, जिथे पंपाचा प्रकाश आपटतो, तिथे ओढताना राहिलेल्या बारीक खडबडीत भागातून पंप गळतो आणि गळलेली उष्णता एकाच टोकाला साचते. दोन्हींत तथ्य असू शकतं. फायबर तांब्याच्या खोबणीत इंडियमच्या पत्र्यात दाबून बसवून उष्णता बाहेर काढायचं काम सध्या चालू आहे. त्याने पहिला अंदाज तरी तपासता येईल. आवरणाचा प्रश्न सरांनी सोडलेला नाही, पण तो आता दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवला आहे.

दवाखान्यातले डॉक्टर मधे एकदा येऊन गेले. पावती पाहिली, आनंद झाला, आणि मग त्यांनी विचारलं की यातून हलका हात कधी मिळेल. सरांनी खरं ते सांगितलं: या मार्गाने नाही. हलका हात हवा असेल तर आहे त्या मशीनला नीलमच्या एकस्फटिकी फायबरचा किंवा आतून चांदीचा मुलामा दिलेल्या पोकळ नळीचा वाहक लावता येतो. तशा वस्तू बाजारात मिळतात. डॉक्टरांना हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. प्रकल्पाच्या वार्षिक अहवालातून ‘वैद्यकीय उपयोग’ हा परिच्छेद त्यानंतर काढला गेला.

कॅल्शियम फ्लोराइडचं नाव विद्यार्थिनीच्या तक्त्यातून गेलेलं नाही. त्यात अर्बियमचे आयन आपोआप घोळक्याने बसतात, त्यामुळे ४-५ टक्क्यांतच तो शेजाऱ्यांचा व्यवहार जमतो, ५० टक्क्यांची गरज पडत नाही. हा पदार्थ त्यांच्या लेझरला वितळत नाही, म्हणून तिने कार्बनच्या कुप्पीतून ओढणाऱ्या बाहेरच्या प्रयोगशाळांकडे १ मिलिमीटरच्या कांड्यांसाठी विचारणा केली आहे. नियमाप्रमाणे तीन कोटेशन लागतात. आजवर एक आलं आहे.